जिममध्ये ओळख होईना, बागेत मात्र मैत्री!

प्रश्न : मी वर्षभर जिमला जातोय, पण तिथं कुणाशी साधी ओळख झाली नाही. आई मात्र बागेतल्या हास्यक्लबात जाऊ लागली आणि दोन महिन्यांत तिच्या मैत्रिणी घरी येऊ-जाऊ लागल्या. असं का?

उत्तर : आई बोलक्या आणि तुम्ही अबोल, असं चटकन वाटेल. स्वभावाचा वाटा आहेच, पण खरा फरक व्यायामाच्या रीतीत आहे.

जिममध्ये प्रत्येकाची वेळ वेगळी, मशीन वेगळं, कानात आपापली गाणी. हास्यक्लबात तेच चेहरे रोज ठरल्या वेळी गोल करून उभे राहतात आणि एका तालात हातवारे करतात. याचा परिणाम थेट शरीरावर होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वल्हवणाऱ्या खेळाडूंकडून यंत्रावर कधी एकट्यानं, कधी संघासोबत सराव करून घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रम सारखेच, तरी संघासोबतच्या सरावानंतर वेदना सोसायची क्षमता जास्त भरली. वेदना शमवणारी, मन प्रसन्न करणारी एंडॉर्फिन्स अधिक स्रवल्याची ही खूण मानतात. असा सुखद अनुभव ज्यांच्यासोबत येतो, ती माणसं आपली वाटू लागतात.

मैत्रीसाठी गप्पा रंगवता आल्या पाहिजेत, हाही गैरसमजच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथं विनोद सांगत. थोड्याच दिवसांत विनोद संपले. मग एकमेकांच्या डोळ्यांत बघत, विनोदाशिवायच हसणं सुरू झालं.

पण नुसत्या शेजारी उभं राहण्यानं भागत नाही. अमेरिकेतले प्राध्यापक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार साध्या मैत्रीला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. त्यातही मोकळा वेळ महत्त्वाचा. म्हणूनच व्यायामानंतर टपरीवर चहा घेत काढलेली वीस मिनिटं मोलाची. "काल दिसला नाहीत, गुडघा पुन्हा दुखतोय का?" ही चौकशी तिथंच होते.

तेव्हा जिम सोडू नका. जोडीला ठरावीक वेळेचा योगवर्ग किंवा टेकडी चढणारा गट धरा. व्यायाम संपताच गाडीला किल्ली लावू नका. आणि कुणी दोन दिवस आलं नाही, तर फोन तुम्ही करा.