रागावणारे यंत्र

बुद्धिबळाचा पट तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. त्यात चौसष्ट घरे असतात. निम्मी पांढरी व निम्मी काळी. ह्याच पटावर इंग्लंडात ‘ड्राफ्ट्स’ नावाचा दुसरा एक जुना खेळ खेळतात. अमेरिकेत त्यालाच ‘चेकर्स’ म्हणतात. बुद्धिबळात राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट असा सगळा दरबार भरलेला असतो. ड्राफ्ट्समध्ये मात्र सर्व सोंगट्या सारख्याच, प्रत्येक खेळाडूच्या बारा. त्या केवळ काळ्या घरांवरून तिरप्या रेषेत, एका वेळी एक घर, अशा पुढे सरकतात. समोर शत्रूची सोंगटी असली व तिच्या पलीकडचे घर रिकामे असले, म्हणजे तिच्यावरून उडी मारून तिला मारावयाचे. येथे एक नियम नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यावाचून आपले अडणार आहे. मारण्याची संधी आली की मारलेच पाहिजे. ‘मला नाही मारावयाचे’ असे म्हणण्याची सोय नाही. सरकत सरकत जी सोंगटी शत्रूच्या शेवटच्या ओळीत जाऊन पोहोचते ती ‘राजा’ होते, आणि मग तिला मागेपुढे दोन्हीकडे चालता येते. ज्याच्या सोंगट्या संपतात किंवा ज्याला हलावयास जागाच उरत नाही, तो हरतो.

१९५१ साली ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या एका शाळामास्तरांच्या मनात आले की, हा खेळ यंत्राला शिकवावा.

स्ट्रेची यांचा जन्म १९१६ सालचा. केंब्रिज विद्यापीठात ते शिकले, पण तेथे त्यांनी विशेष चमक दाखविली असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी विजेच्या उपकरणांच्या एका कंपनीत काम केले आणि युद्ध संपल्यावर शिक्षकाचा पेशा पत्करला. १९४९ पासून ते हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत शिकवीत होते. संगणक त्यांनी तोवर हाताळलेला नव्हता. आणि हाताळणार तरी कोठे? आज संगणक तुमच्या वडिलांच्या खिशात मावतो. त्या काळी तो एक अख्खी खोली व्यापीत असे, शेकडो काचेच्या नळ्या त्यात तापत असत, आणि साऱ्या इंग्लंडात असे संगणक मोजकेच होते. ते बांधले होते अवघड गणिते सोडविण्यासाठी. अशा महागड्या यंत्रापुढे सोंगट्यांचा पट मांडणे, म्हणजे मालगाडीच्या इंजिनाला पाळणा झुलवावयास जुंपण्यासारखेच कित्येकांना वाटले असते.

१९५१ च्या जानेवारीत, नाताळच्या सुट्टीत, एका मित्राच्या ओळखीने स्ट्रेची टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. तेथे ‘पायलट एस’ नावाचा संगणक होता. एक दिवस त्यांनी त्याच्या सहवासात घालविला. शाळेत परतल्यावर ते फावल्या वेळात कागद पुढे ओढून खेळाची आज्ञावली लिहू लागले. आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम. यंत्राने काय करावयाचे, ते पायरीपायरीने सांगणाऱ्या आज्ञांची माळ.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘विहिरीवरून पाणी आण,’ असे घरच्या माणसाला सांगितले, तर तो घागर आपणहून उचलतो. यंत्राला ‘घागर घे’ हेही सांगावे लागते. घागर म्हणजे काय, ती भरली केव्हा म्हणावयाची, वाट चुकली तर काय करावयाचे, हे सारे सांगावे लागते. आणि एवढे सांगून ‘परत ये’ हे सांगावयाचे राहिले, तर ते विहिरीवरच उभे राहील. ड्राफ्ट्सच्या बाबतीत तर यंत्राला पट ठाऊक नाही, सोंगटी ठाऊक नाही, तिरपे म्हणजे काय हेही ठाऊक नाही. त्याला कळतात फक्त अंक. तेव्हा पटाचेच अंक केले पाहिजेत. खेळाची काळी घरे बत्तीस. म्हणून बत्तीस अंकांची एक ओळ घ्यावयाची. जेथे आपली सोंगटी असेल तेथे १, नसेल तेथे ०. शत्रूच्या सोंगट्यांसाठी अशीच दुसरी ओळ. कोणती सोंगटी राजा झाली आहे, हे दाखविण्यासाठी तिसरी. तीन ओळींत सारा पट मावला ! मग ‘सोंगटी सरकली’ म्हणजे एका जागचा १ पुसून तो दुसऱ्या जागी मांडला, एवढेच.

१९५१ च्या जुलैअखेर स्ट्रेची आपली आज्ञावली घेऊन टेडिंग्टनला गेले. ती चालली नाही. आज्ञांत चुका होत्या, शिवाय त्या यंत्राची स्मृती फार तोकडी होती. इतक्या लांबलचक आज्ञावलीने ती काठोकाठ भरून गेली. सहा-सात महिन्यांची मेहनत अशी पाण्यात गेली असता एखादा मनुष्य आपली वही मिटून मुलांचे पेपर तपासण्याकडे वळला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. स्ट्रेची यांनी वही मिटली नाही. त्यांनी यंत्र बदलले. मँचेस्टर विद्यापीठात नवा संगणक आला असून त्याची स्मृती पुष्कळ मोठी आहे, असे त्यांच्या कानांवर आले. तेथे अ‍ॅलन ट्यूरिंग होते. संगणक काय करू शकेल व काय करू शकणार नाही, ह्याचा मुळापासून विचार करणारे ते थोर गणिती. केंब्रिजपासून त्यांची व स्ट्रेची यांची ओळख होती. त्या यंत्राचे माहितीपुस्तक ट्यूरिंग यांनीच लिहिलेले होते. स्ट्रेची यांनी ते मागवून घेतले. पुस्तक मोठे क्लिष्ट होते. मोठी माणसे लिहू लागली, म्हणजे आपल्याला जे सहज कळते ते वाचणाऱ्यालाही कळते असे धरून चालतात, त्यातलाच हा प्रकार. परंतु नवशिक्या स्ट्रेची यांनी ते चिकाटीने पचविले.

खेळापूर्वी सराव म्हणून त्यांनी एक वेगळी आज्ञावली लिहिली. ती होती दुसऱ्या आज्ञावल्यांतील चुका शोधण्यास साहाय्य करणारी, आणि तिच्यात हजारांहून अधिक आज्ञा होत्या. तेवढी लांब आज्ञावली तोवर मँचेस्टरच्या यंत्रावर कोणी चढविली नव्हती. संध्याकाळी ट्यूरिंग यांनी त्यांना यंत्र कसे चालवावयाचे ते भराभर सांगितले आणि ते निघून गेले. रात्रभर त्या खोलीत हे मास्तर आणि ते यंत्र, दोघेच. एक एक चूक सापडत गेली, दुरुस्त होत गेली. सकाळी आज्ञावली सुरळीत चालली, आणि संपताना यंत्राच्या कर्ण्यातून एकाएकी इंग्लंडच्या राष्ट्रगीताचे सूर उमटले ! स्ट्रेची यांनी ते गुपचूप शेवटी घालून ठेवले होते. ह्या एका रात्रीने त्यांचे नाव झाले. जून १९५२ मध्ये शाळा सोडून ते राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळात संगणकाच्याच कामावर रुजू झाले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ड्राफ्ट्सची आज्ञावलीही सिद्ध झाली. यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण डाव खेळू लागले. यंत्राच्या एका काचेच्या नळीवर पटाचे चित्र उजेडाच्या ठिपक्यांनी उमटे, आणि यंत्राला जे बोलावयाचे असे ते टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेच्या टंकयंत्रावर, छापून येई. आता यंत्राने बोलावयाचे ते काय ? ‘अमुक घरातून तमुक घरात’ एवढे पुरे होते. पण स्ट्रेची यांना तेवढ्याने समाधान नव्हते.

डावाच्या आरंभी यंत्र खेळाडूला नाणे उडविण्यास सांगे. छाप की काटा, ते यंत्र सांगे आणि मग विचारी, ‘मी जिंकलो का ?’ बिचाऱ्याला डोळे नाहीत. समोरचा खरे बोलेल ह्यावर त्याने भरवसा ठेवावयाचा. खेळाडूने खेळी कळविताना चूक केली, तर यंत्र प्रथम सौम्यपणे ती चूक दाखवी. पुन्हा चूक झाली, की सूचना जरा कडक होई. आणखी चुका झाल्या, की यंत्र चांगलेच तापे. आणि शेवटी, आपण ह्यापुढे वेळ दवडणार नाही, तुम्ही एखाद्या माणसाबरोबरच जाऊन खेळा, असे ठणकावून खेळच बंद करी!

मोठमोठे विद्वान त्या यंत्रापुढे बसून बोलणी खात असतील, तेव्हा त्यांना कसे वाटले असेल बरे ? ज्यांनी वर्ग सांभाळला आहे, त्यांना मात्र हा आवाज ओळखता येईल. प्रथम सांगणे, मग बजावणे, मग दरडावणे, आणि शेवटी वर्गाबाहेरची वाट दाखविणे, ही तर आमच्या धंद्यातली ठरलेली चाल. यंत्राला राग येत नव्हता. चूक कितवी, एवढेच त्याने पाहावयाचे आणि त्या क्रमांकाचे वाक्य छापावयाचे. घड्याळाला जसे सहा ठोके देताना सकाळ झाल्याचा आनंद होत नाही, तसेच हे. बोलत होते ते हॅरोचे मास्तरच, टेलिप्रिंटरच्या आडून.

असे असले, तरी हे यंत्र एकदा आपल्या गुरूलाही चकित करून गेले, आणि ते त्याला शिकविलेल्या विनोदामुळे नव्हे.

यंत्र आपली चाल कशी ठरवी, ते पाहू. ‘मी ही चाल केली, तर तो काय करील ? मग मी काय करीन ?’ असे ते काही खेळ्यांपर्यंत पुढे पाही. प्रत्येक वाटेच्या टोकाशी दोन्ही बाजूंच्या सोंगट्या मोजी. साध्या सोंगटीला थोडे गुण, राजाला अधिक. ज्या वाटेवर आपले गुण सर्वांत चांगले दिसत ती वाट धरी. फार पुढे पाहणे मात्र त्याला शक्य नव्हते. प्रत्येक वेळी सात चाली शक्य आहेत असे धरा. तीन खेळ्यांत ३४३ वाटा होतात, चार खेळ्यांत २,४०१ आणि पाचव्या खेळीला १६,८०७! कोठेतरी थांबणे भागच होते.

एका डावात समोरच्या खेळाडूची सोंगटी शेवटच्या ओळीपाशी येऊन ठेपली. आता ती राजा होणार. यंत्राला हे संकट दिसले. त्याने काय करावे ? त्याने आपली एक सोंगटी शत्रूच्या तोंडी दिली. मारलेच पाहिजे हा नियम. तेव्हा खेळाडूला ती मारावी लागली आणि त्याचा राजा एक खेळी लांबला. लांबला म्हणजे यंत्राच्या दृष्टीआड गेला. जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाहीच ! एक सोंगटी गेली खरी, पण शत्रूचा राजा टळला, असा त्याने हिशेब केला. पुढच्या खेळीला संकट पुन्हा दृष्टीच्या टप्प्यात आले. यंत्राने आणखी एक सोंगटी दिली. मग आणखी एक. आजचे मरण उद्यावर ढकलीत ढकलीत ते आपले सैन्य उधळू लागले. एका सावकाराचे देणे चुकविण्यासाठी दुसऱ्याकडून कर्ज काढणारा मनुष्य ह्याच वाटेने जातो.

हे त्याला कोणी शिकविले नव्हते. स्ट्रेची यांनी लिहिलेली प्रत्येक आज्ञा आपापल्या जागी योग्य होती; त्या सर्वांच्या मेळातून हा वेडेपणा निपजला होता. पुढच्या पिढीतील संगणकशास्त्रज्ञांनी ह्या दोषाला क्षितिजाचे नाव दिले. समुद्रकाठी उभे राहून पाहणाऱ्याला क्षितिजापलीकडची गलबते दिसत नाहीत, तसेच हे. बुद्धिबळ खेळणारी यंत्रे रचणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे ह्या दोषाशी झुंजावे लागले.

सप्टेंबर १९५२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत स्ट्रेची यांनी आपल्या कामाचा वृत्तान्त मांडला. संगणक केवळ बेरजा-गुणाकारांसाठी नाही. जेथे जेथे नियमांनी विचार करावयाचा असतो तेथे तेथे तो चालेल, हे त्यांना दाखवावयाचे होते, आणि त्यांचा पुरावा होता सोंगट्यांचा डाव. अमेरिकेतील आर्थर सॅम्युएल यांनीही ह्याच खेळाचा ध्यास घेतला होता. स्वतः खेळलेल्या डावांवरून आपली गुण देण्याची रीत सुधारणारे यंत्र त्यांनी तयार केले आणि १९५९ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. ‘यंत्रशिक्षण’ हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्या निबंधाच्या नावातच होता. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर व त्यांचे सहकारी १९८९ पासून ह्या खेळाच्या मागे लागले. पटावर शक्य असलेल्या मांडण्यांची संख्या पाचावर वीस शून्ये, एवढी अफाट. २००७ साली त्यांनी सिद्ध करून दाखविले की, दोन्ही खेळाडू एकही चूक न करता खेळले, तर डाव नेहमी बरोबरीतच सुटतो.

तो दिवस पाहावयास स्ट्रेची नव्हते. १९६५ साली त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात आज्ञावलींच्या अभ्यासासाठी एक संशोधक मंडळ उभे केले, पुढे ते तेथे प्राध्यापक झाले, आणि १९७५ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. त्यांत ड्राफ्ट्सच्या आज्ञावलीचे कागदही आहेत.