टाळूवर रंगाचे ठिपके : पहिलं बिल आणि नंतरची बिलं

टक्कल किंवा डोक्यावरचा व्रण झाकण्यासाठी ‘स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन’ करणारी क्लिनिकं आता मुंबई-पुण्याबाहेरही दिसतात. बोलताना सगळे त्याला ‘एसएमपी’च म्हणतात. चौकशीचा फोन केला की एक जण पूर्ण टाळूचे तीस हजार सांगतो, दुसरा नव्वद हजार, तर तिसरा ‘आधी येऊन दाखवा’ म्हणतो. हा फरक कशामुळे पडतो आणि पहिलं बिल भरल्यावर पुढे आणखी काय भरावं लागतं, हे समजून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. डोक्यावरचा जुना, सपाट व्रण झाकायचा असेल तर हे पैसे सार्थकी लागतात. डोकं कायम बारीक ठेवायला तयार असलेल्या पुरुषालाही याचा उपयोग होतो. भांग रुंद झालेल्या बाईलाही दिलासा मिळतो. पण पुढचे केस मागे सरकलेत आणि मागचे वाढवून भांग पाडायचा आहे, अशा पुरुषाने यात पैसे घालू नयेत. रंगवलेल्या भागाला केसांची उंची नसते, त्यामुळे शेजारी लांब केस आले की ठिपके उघडे पडतात.

यात होतं ते असं. अतिशय बारीक सुयांनी टाळूच्या त्वचेत, मिलिमीटरभराहून कमी खोलीवर, रंगाचे हजारो ठिपके दिले जातात. प्रत्येक ठिपका कापलेल्या केसाच्या मुळाएवढा दिसावा, असा प्रयत्न असतो. काम जमलं तर गुळगुळीत टाळूवर ताज्या दाढीच्या सावलीसारखी छटा दिसते. सुई जास्त खोल गेली तर रंग पसरतो, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि वरून निळसर दिसू लागतात. यातून एकही केस उगवत नाही आणि असलेला गळायचा थांबत नाही.

म्हणून पहिला खर्च त्वचाविकारतज्ज्ञाच्या तपासणीचा. शहरात त्याचे पाचशे ते दीड हजार रुपये पडतात, आणि अनेकांचा पुढचा सगळा खर्च त्यातच वाचतो. टायफॉइड, डेंगी, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी जे केस भसाभस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. चाईच्या चट्ट्यांतही पुष्कळदा केस पुन्हा उगवतात. थायरॉइडचा त्रास किंवा लोहाची कमतरता असेल तर आधी त्यावर इलाज हवा. पुरुषांच्या आनुवंशिक टकलात मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची औषधं आहेत. टाळूवर सोरायसिस किंवा चालू संसर्ग असेल, कोड असेल, जखमेच्या जागी गाठाळ व्रण म्हणजे केलॉइड उठायची प्रवृत्ती असेल, तर सुया टोचून घेण्याआधी डॉक्टरांचा स्पष्ट होकार हवा. सोरायसिस आणि कोड ही दोन्ही दुखणी टोचलेल्या जागी नव्याने उमटू शकतात. सावळ्या त्वचेत केलॉइडचं आणि जखमेनंतर काळे डाग राहण्याचं प्रमाण जास्त असतं, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावं.

आता दर. मुंबई-पुण्यात साधारण असं चित्र दिसतं : लहान व्रणासाठी आठ-दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत, भांग किंवा माथ्याच्या भोवऱ्याचा भाग भरायला वीस ते पन्नास हजार, आणि पूर्ण टाळूला चाळीस हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत. फरक पडण्याचं मोठं कारण म्हणजे मोजण्याची पद्धत. कोणी चौरस इंचावर दर लावतो, कोणी बैठकीवर, कोणी सगळ्याचं एक पॅकेज करतो. यात बैठकीचा दर सर्वात फसवा. एका बैठकीत हे काम पुरं होत नाही. पहिल्या वेळी दिलेले ठिपके खपली पडून आठ-दहा दिवसांत बरेच फिके होतात, म्हणून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरी आणि बहुधा तिसरी बैठकही लागते. एकेक बैठक दोन ते पाच तास चालते. तेव्हा ‘फक्त पंधरा हजार’ ऐकलं की लगेच विचारा : किती बैठकांचे? तिसऱ्या बैठकीनंतर विरळ राहिलेली जागा भरायची झाली तर त्याचे वेगळे पैसे का?

जीएसटी धरून किती, हेही कोटेशनवर लिहून घ्या. आरोग्यसेवांना जीएसटीतून सूट आहे, पण केशरोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रिया त्या सुटीतून वगळलेल्या आहेत. ‘डॉक्टरकडे टॅक्स लागत नाही’ असं गृहीत धरू नका. आरोग्य विमाही सौंदर्योपचारांचे पैसे देत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला पॉलिसीत अपवाद असतो. व्रण त्यातला असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारून पाहावं, पण मिळेलच अशा भरवशावर काम सुरू करू नये.

यापुढचा खर्च जाहिरातीत लिहिलेला नसतो. हा रंग साधारण तीन ते सहा वर्षांत फिका पडतो. तेलकट त्वचेत आणि उन्हात काम करणाऱ्यांचा लवकर पडतो. तेव्हा पुन्हा एक बैठक घ्यावी लागते. उदाहरणादाखल दहा वर्षांचा हिशेब मांडू. पूर्ण टाळूचं पहिलं काम ७०,००० रुपये. प्रत्येकी २०,००० च्या दोन दुरुस्त्या, म्हणजे ४०,०००. सनस्क्रीनचे महिन्याला ४०० धरले तर ४८,०००. दहा वर्षांत तीन ट्रिमर, ७,५००. बेरीज १,६५,५०० रुपये. म्हणजे पहिल्या बिलाच्या दुपटीहून थोडं जास्त. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

याखेरीज रोजचा वेळ द्यावा लागतो. मागचे आणि बाजूचे केस वाढले की रंगवलेला भाग वेगळा दिसतो. म्हणून दोन-तीन दिवसांनी, काहींना रोजच, झिरो मशीन फिरवावं लागतं. सलूनवाल्याकडे दर वेळी जाणं परवडत नाही, घरीच सवय करावी लागते. ही सवय आपल्याला जमेल का, हे पाहण्याचा सोपा मार्ग आहे : पैसे भरण्याआधी दोन महिने डोकं तसं ठेवून पाहा. घरच्यांना, ऑफिसमधल्यांना आणि स्वतःला ते रुचलं नाही तर इथेच थांबा.

व्रणांच्या बाबतीत थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ज्यांना या उपायाची खरी गरज असते ते हेच लोक. लहानपणी खोक पडून घातलेल्या टाक्यांची खूण, दुचाकीच्या अपघाताचा वण, मेंदूच्या शस्त्रक्रियेची रेघ, भाजल्याची जागा. शिवाय केशरोपणाचेच व्रण : जुन्या पट्टी पद्धतीत डोक्याच्या मागे या कानापासून त्या कानापर्यंत आडवी रेघ राहते, आणि एकेक मूळ काढण्याच्या पद्धतीत मागच्या भागात पांढरे बारीक ठिपके राहतात. केस बारीक केले की दोन्ही दिसतात. आजूबाजूला केस असतात आणि झाकायची जागा लहान असते, त्यामुळे इथे खर्चही आटोक्यात राहतो आणि परिणामही पटण्यासारखा येतो.

मात्र व्रणाची त्वचा निराळी असते. ती कुठे रंग धरत नाही, तर कुठे पसरू देते. म्हणून व्रण फिका, सपाट आणि निदान वर्षभर जुना झालेला हवा. लाल, खाजणारा किंवा वर उचललेला व्रण टोचू नये. रंगाने व्रणाचा रंग झाकला जातो, खड्डा किंवा उंचवटा जात नाही. वरून कडक उजेड पडला की तो दिसणारच. हे तुम्हाला सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘अजिबात दिसणार नाही’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

बायकांचं गणित वेगळं आहे. त्यांना डोकं बारीक करायचं नसतं. केस भांगाभोवती विरळ झालेले असतात आणि मधून टाळूची पांढरी त्वचा चमकते. तिथे मुळांशी ठिपके दिले की चमक कमी होते आणि केस दाट भासतात. वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा किंवा वेणी बांधून कपाळाच्या कडेचे केस गेले असतील, तर आधी ओढ थांबवायला हवी, नाहीतर रंगाच्या मागे केस सरकतच राहतील. भांगात सिंदूर भरणाऱ्यांनी जागा पूर्ण भरून येईपर्यंत तो टाळावा. केसांच्या रंगाचंही तेच.

हे काम करणारा माणूस कोण, हा पैशांइतकाच मोठा प्रश्न. आपल्याकडे टॅटू काढणाऱ्यापासून त्वचाविकारतज्ज्ञापर्यंत सगळे हे करतात, आणि काही दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्रही भिंतीवर लागतं. निव्वळ डिग्रीने हात चांगला ठरत नाही, आणि चांगल्या हाताला त्वचेचे आजार ओळखता येतातच असं नाही. त्यामुळे निदान डॉक्टरकडून आणि काम अनुभवी हाताकडून, अशी जोडी जिथे असेल तिथे दोन पैसे जास्त द्यावेत. फोटो बघताना ताजे फोटो बाजूला ठेवा. त्याच माणसाच्या डोक्याचा दोन वर्षांनंतरचा फोटो मागा. शक्य असेल तर जुन्या ग्राहकाला उन्हात प्रत्यक्ष भेटा. सुयांचं काडतूस तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघालं पाहिजे, नाहीतर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका आहे. रंगाच्या बाटलीचं नाव आणि बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्या. लोहाचे ऑक्साइड असलेले रंग काळाने तांबूस होऊ शकतात आणि एमआरआयच्या वेळी क्वचित चुरचुरतात, म्हणून पुढे कधी तपासणी करायची झाली तर तिथे सांगायला ही नोंद लागते. बधिर करायचं मलम पूर्ण टाळूभर थापून प्लास्टिक गुंडाळत असतील, तर त्यात लिडोकेन किती आहे हे विचारा. मोठ्या जागेवर ते जास्त शोषलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

कपाळावरच्या रेषेबद्दल हट्ट करू नका. विशीतली खाली, सरळ, ठसठशीत रेषा चाळिशीत विचित्र दिसते, आणि पन्नाशीत दाढी पांढरी झाल्यावर डोकं तेवढं काळं राहतं. रेषा थोडी वर, थोडी तुटक आणि रंग एक छटा फिका, असं सांगा. वाढवता नंतरही येतं. काढायला मात्र लेझर लागतो. क्यू-स्विच्ड एनडी-यॅग लेझरच्या एका बैठकीचे तीन ते दहा हजार पडतात आणि अशा बैठका बहुधा अनेक लागतात. लाल-तपकिरी रंग तर लेझरने उलट काळवंडू शकतो.

काम झाल्यावर चार-पाच दिवस शॅम्पू, घाम आणणारा व्यायाम आणि पोहणं बंद. ऊन महिनाभर टाळावं. आपल्या हवेत एप्रिल-मे आणि ऐन पावसाळा सोडून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा. होळीच्या तोंडावर तर मुळीच करू नका. रोज हेल्मेट घालणाऱ्यांनी सुट्टी जोडून घ्यावी किंवा काही दिवस रिक्षा-बसने जावं. टोचून घेतल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेही नियमित रक्तदात्यांनी लक्षात घ्यावं.

काम बिघडलं तर तोंडी भांडणापेक्षा कागद उपयोगी पडतो. कोटेशन, पावती, संमतिपत्राची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला फी लागत नाही.

आणि एक विनंती. ‘आज भरलं तर तीस टक्के सूट’ या वाक्यावर पैसे भरू नका. आधी डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा व्रणाच्या टोकाला एक लहान चौकोन करून मागा, त्याचे वेगळे पैसे लागले तरी द्या. सहा आठवडे थांबा, तो चौकोन उन्हात आणि ट्यूबलाइटखाली बघा, आणि मगच उरलेल्या कामाचा निर्णय घ्या.