सात बोअर आणि एक गाव

जर्मन इंजिनिअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मर्सिडीज नाहीतर बॉश येतं. चुका करायच्या त्या आपण, ते लोक नाही, असं आपण धरूनच चालतो. म्हणून मित्रांनो, आज एका छोट्या जर्मन गावाची गोष्ट.

गावाचं नाव श्टाउफेन. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रायबुर्गच्या दक्षिणेला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसलेलं. वस्ती साधारण आठ हजार. गावाशेजारी द्राक्षमळ्यांची टेकडी आणि तिच्या माथ्यावर पडका किल्ला. गावाचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ७७० मधला. जवळच्या खोऱ्यातल्या चांदीच्या खाणींवर इथले सरदार गब्बर झाले. पुढे तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ साली, स्वीडिश सैन्याने किल्ला जाळला. सैतानाशी करार करणारा प्रसिद्ध डॉ. फाउस्ट इथल्याच एका खानावळीत १५३९ च्या सुमारास मेला, असं गावकरी सांगतात. करार संपला म्हणून सैतानाने त्याची मान मोडली म्हणे! खरंखोटं कुणास ठाऊक, पण खानावळीच्या भिंतीवर तसं लिहिलेलं आहे.

आता आपल्या कामाचा भाग. खानावळीजवळच सोळाव्या शतकातली टाऊन हॉलची इमारत आहे. २००७ मध्ये तिचं नूतनीकरण झालं. तेल-गॅस न जाळता जमिनीतल्या उष्णतेवर इमारत गरम ठेवायची, अशी कल्पना होती. कल्पना उत्तमच! खोल जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकसारखं असतं. पाइपमधून द्रव फिरवायचा आणि हीट पंपाने उष्णता वर खेचायची. त्यासाठी सप्टेंबरमध्ये १४० मीटरपर्यंतचे सात बोअर मारले.

काही आठवड्यांतच भिंतींना तडे दिसू लागले.

झालं काय होतं? खाली ॲनहायड्राइटचा थर होता, म्हणजे पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट. त्याच्याखाली दाबाखालचं भूजल. बोअरच्या वाटेने ते पाणी वर चढलं आणि कोरड्या थराला भिडलं. ॲनहायड्राइटला पाणी मिळालं की त्याचं जिप्सम होतं आणि आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत एका ओळीत संपणारी ही रिॲक्शन! इथे मात्र तिने अख्खं जुनं गाव उचललं. सुरुवातीला काही ठिकाणी महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, आणि पुढच्या काही वर्षांत एकूण अर्ध्या मीटरहून जास्त. अडीचशेच्या वर इमारतींना तडे गेले, काही शेवटी पाडाव्या लागल्या.

गावकरी खचले नाहीत. ‘श्टाउफेन फुटता कामा नये’ असे फलक त्यांनी भेगाळलेल्या भिंतींवर लावले. इंजिनिअर लोकांनी २००९ मध्ये बोअर सिमेंटने पुन्हा सील केले आणि पंप लावून खालच्या पाण्याची पातळी उतरवली. त्यामुळे जमिनीचं वर येणं बरंच मंदावलं. पण फुगलेलं जिप्सम काही परत आक्रसत नाही.

जमिनीतली उष्णता वापरणं चूक नव्हतं. तसे बोअर युरोपभर हजारोंनी आहेत आणि व्यवस्थित चालतात. चूक झाली ती पायाखाली काय आहे हे पुरतं न ओळखण्यात. तेव्हा सिव्हिलवाल्यांनो, जिओलॉजीचं लेक्चर बंक करायच्या आधी एकदा श्टाउफेन आठवा. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, हसू नका. हीट पंप तुमचाच होता!