पडद्याचा दुभाषी आणि त्याची तबकडी

रात्री दिवे गेले की आपण काडेपेटी शोधू लागतो. पण ती अंधारातच शोधावी लागते. काडेपेटीची जागा ज्याने आधीच ठरवून ठेवलेली असते, त्याचेच काम होते. संगणकाचा पडदा काळा झाला की नेमकी हीच अडचण येते. काय बिघडले ते संगणक पडद्यावर सांगतो. पण पडदाच बिघडला तर त्याने सांगायचे कुठे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हा प्रसंग आला. आमच्याकडे एक जुना वर्णपटमापक आहे. त्याची आज्ञावली फक्त विंडोज ३.१ या प्रणालीवर चालते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही प्रणाली एप्रिल १९९२ मध्ये बाजारात आणली. या यंत्रावर दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पाची मोजमापे अर्धी झाली होती, आणि त्या संगणकातील चित्रकार्ड जळाले. अडगळीतून त्याच काळातले दुसरे कार्ड शोधून बसवले. संगणक सुरू झाला, डॉसची अक्षरे उमटली. विंडोज सुरू केले आणि पडदा काळाकुट्ट!

कार्ड चांगले, पडदा चांगला, तारा चांगल्या. मग बिघडले काय? ते समजण्यासाठी थोडे गणित करू.

बिंदूंचा हिशेब

पडद्यावरचे चित्र बिंदूंचे बनलेले असते. १९८७ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत एका ओळीत ६४० बिंदू आणि अशा ४८० ओळी असतात. म्हणजे एकूण बिंदू ६४० × ४८० = ३,०७,२००. प्रत्येक बिंदूला १६ पैकी एक रंग द्यायचा तर ४ बिट लागतात, कारण २ × २ × २ × २ = १६. एका बाइटात ८ बिट, म्हणजे एका बाइटात दोन बिंदू. तेव्हा पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट स्मृती हवी.

पण त्या काळच्या संगणकात कार्डावरील चित्रस्मृतीकडे पाहण्यासाठी ६५,५३६ बाइटांची एकच खिडकी असे. दीड लाख बाइट तिच्यातून कसे दिसणार? व्हीजीएने युक्ती केली. चार बिटांसाठी स्मृतीचे चार थर केले. प्रत्येक थरात ३८,४०० बाइट. एकेक थर खिडकीत आरामात मावतो.

आता १६ ऐवजी २५६ रंग हवे असतील तर? प्रत्येक बिंदूला पूर्ण एक बाइट लागतो, म्हणजे ३,०७,२०० बाइट. अशा वेळी बहुतेक कार्डांत स्मृतीचे ६५,५३६ बाइटांचे कप्पे पाडून एकेक कप्पा खिडकीसमोर आणीत. या चित्राला पाच कप्पे लागतात. खरी मेख इथेच आहे. ‘पुढचा कप्पा आण’ ही आज्ञा कशी द्यायची, ते प्रत्येक चिप बनवणाऱ्याने आपापल्या मनाने ठरवले. त्सेंग, ट्रायडेंट, सिरस लॉजिक, एटीआय या साऱ्यांच्या चिपा साधे व्हीजीए काम सारखेच करीत. पण २५६ रंगांची वेळ आली की प्रत्येकीची बोली निराळी.

दुभाष्याचे काम

विंडोजसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला या बोली शिकाव्या लागत नाहीत. तो विंडोजला एवढेच सांगतो, की इथून तिथवर रेघ काढ, हा चौकोन निळा भर. विंडोज ते काम ‘डिस्प्ले ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या आज्ञावलीकडे सोपवते. ड्रायव्हर त्याचे त्या चिपच्या बोलीत भाषांतर करतो. थोडक्यात, ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. तामिळ जाणणारा दुभाषी बंगाली माणसापुढे उभा केला तर जे होईल, तेच आमच्या प्रयोगशाळेत झाले होते. दुभाषी जुन्या चिपचा, चिप मात्र नवी!

मग डॉसची अक्षरे कशी दिसली? अक्षरांच्या पद्धतीत पडद्यावर ८० रकाने व २५ ओळी असतात. प्रत्येक जागेसाठी दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. एकूण ४,००० बाइट. अक्षरांचे आकार कार्डातच कायमचे कोरलेले असतात आणि ही पद्धत सर्व व्हीजीए कार्डांत सारखीच असते. तिला वेगळा दुभाषी लागत नाही. म्हणूनच विंडोज ३.१ चा ‘सेटअप’ डॉसमधून, अक्षरांच्या पडद्यावरही चालवता येतो. हीच आपली जागच्या जागी ठेवलेली काडेपेटी!

आम्ही डॉसमध्ये विंडोजच्या निर्देशिकेत जाऊन सेटअप चालवला आणि यादीतून साधा व्हीजीए ड्रायव्हर निवडला. विंडोज लगेच सुरू झाले, पण १६ रंगांत. आमच्या वर्णपटमापकाची आज्ञावली प्रकाशाची तीव्रता रंगछटांनी दाखवते. तिला २५६ रंग हवेत. तेव्हा योग्य ड्रायव्हर मिळवणे भाग होते. शेजारच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याकडे नव्या चिपच्या ड्रायव्हरच्या फाइली निघाल्या. पण फक्त फाइली. त्या बसवण्याची तबकडी खराब झालेली. ती आम्ही स्वतःच तयार करायचे ठरवले.

तबकडीत किती मावते?

साडेतीन इंची फ्लॉपी तबकडीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ भाग म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट.

२ × ८० × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट

एकूण २,८८० सेक्टरांपैकी ३३ सेक्टर तबकडीच्या स्वतःच्या कारभारासाठी जातात. १ प्रारंभाचा, १८ फाइली कुठे आहेत त्या नोंदवहीच्या दोन प्रतींचे, आणि १४ फाइलींच्या यादीचे. उरतात २,८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. डॉसमध्ये तबकडी फॉरमॅट केली की शेवटी हाच आकडा दिसतो. त्याखाली खराब सेक्टरांची ओळ आली, तर ती तबकडी बाजूला ठेवा. दुभाष्याचा एक बाइट जरी चुकला, तरी तो भलतेच बोलू लागेल.

फाइली मावत नसतील तर त्या दाबून लहान करतात. हजेरीच्या वेळी ‘हजर सर, हजर सर, हजर सर’ असे पन्नास वेळा लिहिण्याऐवजी एकदा लिहून ‘हेच पुढे चालू’ अशी खूण करावी, तशी ही रीत आहे. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतके उचल’ एवढेच लिहायचे. लेंपेल आणि झिव या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली, आणि विंडोजच्या तबकड्यांवर तिचाच एक प्रकार वापरलेला आहे. दाबलेल्या फाइलीच्या नावाचे शेवटचे अक्षर काढून तिथे अधोरेषा टाकीत. आमच्या फाइली सहज मावत होत्या, म्हणून आम्ही त्या दाबल्या नाहीत.

चिठ्ठी आणि खूण

नुसत्या फाइली तबकडीवर ठेवून भागत नाही. कोणती फाइल कशासाठी आहे, हे सेटअपला सांगणारी चिठ्ठी हवी. तिचे नाव ‘ओईएमसेटअप’ आणि विस्तार ‘आयएनएफ’. डॉसमध्ये नावाला जास्तीत जास्त आठ रोमन अक्षरे चालत. हे नाव मोजून पाहा, बरोबर आठ भरतात! ही साधी मजकुराची फाइल असते. कोणत्याही संपादकात लिहिता येते. तिच्यात मुख्य दोन भाग असतात.

पहिल्या भागात तबकड्यांची यादी असते. तबकडीचा क्रमांक, तिचे नाव, आणि एका ‘खुणेच्या फाइली’चे नाव. दुसऱ्या भागात पडद्याविषयीची ओळ असते. तीत क्रमाने ड्रायव्हरची फाइल, माणसाला वाचता येईल असे वर्णन, ‘१००,९६,९६’ असे तीन आकडे, आणि डॉसच्या आज्ञावलींशी पडदा वाटून घेण्यासाठी लागणाऱ्या साहाय्यक फाइली येतात. तीन आकड्यांतला पहिला बिंदूच्या उंची-रुंदीचे प्रमाण सांगतो. पुढचे दोन आडवे व उभे एका इंचात किती बिंदू धरायचे ते. त्यावरून सेटअप पडद्यासाठी योग्य मापाची अक्षरे निवडतो. व्हीजीएचे बिंदू चौरस असल्याने प्रमाण १००. जुन्या ईजीए पद्धतीत बिंदू उभट असत, म्हणून तिथे १३३,९६,७२ असे आकडे येतात.

आम्ही सारे लिहिले, तबकडी आत घातली, सेटअपच्या यादीतील ‘इतर पडदा’ हा शेवटचा पर्याय निवडला. आमचे वर्णन पडद्यावर आले. टाळ्या पडल्या! पण पुढच्याच क्षणी सेटअपने ‘तबकडी क्रमांक १ घाला’ म्हणून विचारले. तबकडी तर आतच होती. काढून पुन्हा घातली, तरी तोच प्रश्न. चार वेळा तेच.

चूक एका विद्यार्थिनीने शोधली. चिठ्ठीत आम्ही खुणेच्या फाइलीचे नाव लिहिले होते, पण ती फाइलच तबकडीवर ठेवली नव्हती. सेटअप तबकडीवरचे लेबल वाचू शकत नाही. योग्य तबकडी आली की नाही, हे तो खुणेची फाइल सापडते का, यावरून ओळखतो. त्या फाइलीत काय लिहिले आहे याला महत्त्व नाही. तिचे असणे हाच निरोप. एका शब्दाची फाइल ठेवली, आणि सेटअप पुढे सरकला.

बसवण्यापूर्वी

अशी तबकडी करताना आम्ही काही नियम पाळले. तेही सांगतो.

एक, तबकडीवर नक्कल केलेली प्रत्येक फाइल मूळ फाइलीशी बाइटगणिक ताडून पाहिली. डॉसची ‘एफसी’ ही आज्ञा हे काम करते.

दोन, तबकडीच्या कोपऱ्यातील खटका सरकवून छिद्र उघडे केले. त्यामुळे तिच्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही. १९८६ मध्ये पसरलेला ‘ब्रेन’ हा विषाणू तबकडीच्या प्रारंभीच्या सेक्टरातच शिरत असे. त्याच्यापुढेही या छिद्राने निभावले असते.

तीन, संगणकातील ‘सिस्टिम’ नावाच्या आयएनआय फाइलीची प्रत आधी काढून ठेवली. कोणता ड्रायव्हर वापरायचा, ते याच फाइलीतील एक ओळ ठरवते. नवा ड्रायव्हर फसला, तर डॉसमधून जुनी प्रत परत ठेवली की झाले. ही सोय विंडोजमध्ये पहिल्यापासून नव्हती. नोव्हेंबर १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत सेटअप ड्रायव्हर व इतर भाग एकत्र सांधून टाकी. पडदा बदलायचा तर सेटअप पुन्हा पहिल्यापासून!

चार, हाव धरली नाही. कार्डाला ८०० × ६०० बिंदूही जमत होते. पण आमचा पडदा साधा व्हीजीए. दिसणाऱ्या ४८० व न दिसणाऱ्या ४५ मिळून ५२५ ओळी सेकंदाला ६० वेळा काढायच्या, म्हणजे सेकंदाला ३१,५०० ओळी. त्याचे मंडल एवढ्याच गतीला जुळवलेले. ८०० × ६०० ला कमीत कमी सुमारे ३५,००० ओळी लागतात. पडदा तिथे ताल सोडतो.

शेवटी सेटअप संपला. विंडोज सुरू केले. क्षणभर पडदा काळा झाला, आणि मग पाऱ्याच्या दिव्याचा वर्णपट उमटला. जांभळी, हिरवी आणि पिवळ्या रंगाची जोडरेषा, प्रत्येक आपल्या छटेत. त्या दोघींनी त्याच दुपारी उरलेली मोजमापे पुढे सुरू केली. तबकडीची दुसरी प्रत काढून, चिठ्ठीतील मजकूर कागदावरही लिहून, आम्ही दोन्ही यंत्राच्या कपाटात ठेवले आहेत.

पुढे विंडोज ९५ मध्ये ‘सेफ मोड’ आला. त्यातही संकटाच्या वेळी साधा व्हीजीए ड्रायव्हरच मदतीला येई. तुम्ही एखादे यंत्र बनवाल तेव्हा हे ध्यानात ठेवा: जो भाग बिघडू शकतो, त्याच्या दुरुस्तीची वाट त्याच भागातून नेऊ नका.

सोडवून पाहा

१. ६४० × ४८० बिंदू व २५६ रंगांच्या चित्रात पहिला कप्पा ६५,५३६ बाइटांचा आहे. तो कोणत्या ओळीत, किती बिंदूंनंतर संपेल? तिथे दुभाष्याने काय करायला हवे?

२. एका ओळीत १,०२४ बिंदू असतील तर एका कप्प्यात किती ओळी बसतील? ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे सोयीचे का वाटेल?

३. साडेतीन इंची तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते. एका फेऱ्यात एक मार्ग वाचला जातो असे धरून, पूर्ण तबकडी वाचायला कमीत कमी किती वेळ लागेल?

उत्तरे: १. १०३ व्या ओळीत, २५६ बिंदूंनंतर; ओळ मध्येच थांबवून कप्पा बदलावा लागेल. २. बरोबर ६४, ओळ कधीच मध्ये तुटत नाही. ३. ३२ सेकंद.