दूरस्थ दृक्‌श्राव्य अध्यापन : व्याख्येचा प्रश्न

महाविद्यालयीन अध्यापकाच्या सेवाकरारात ‘दूरस्थ दृक्‌श्राव्य अभ्यासक्रम’ असे लिहिले, तर त्यातून नेमके काय अभिप्रेत असते? वरवर पाहता हा प्रश्न प्रशासनाचा वाटेल. परंतु मुळात तो शब्दार्थाचा आहे, आणि त्या अर्थावर अध्यापकाचे पद अवलंबून आहे.

या विषयाला रायपूरमध्ये पूर्वपीठिका आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर परिसर त्यात होता. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले; ते वर्गाला पूरक म्हणून योजलेले होते. आता हे नाते बदलले आहे. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्यास मुभा दिली. जे पूरक होते, ते पर्यायी झाले.

अध्यापकाच्या बाजूने पाहावे, तर आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविले आहे. त्याच विनियमांत चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्यास २० गुण आहेत, पण ते संशोधनाच्या गुणांकनात. म्हणजे मुद्रित पाठ हा ‘निर्मिती’ ठरतो. त्यास ‘अध्यापन’ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

१९५७ चा प्रताधिकार कायदा येथे उद्बोधक आहे. नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. परंतु तोच कायदा ‘प्रयोगकर्ता’ या संज्ञेत नट, गायक, गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणाऱ्यासही बसवितो. म्हणजे व्याख्यान ही केवळ संहिता नव्हे, तो प्रयोगही आहे. आपल्या परंपरेस हा भेद अपरिचित नाही. कीर्तनकार समोरच्या श्रोत्यांकडे पाहून आख्यान आवरतो वा वाढवितो. पोथी मात्र वाचणारा बदलला तरी तीच राहते.

तेव्हा व्याख्येचा आधार उपकरण नसून परस्परसंबंध असावा. या दृष्टीने तीन प्रकार संभवतात. पहिला, अध्यापक व विद्यार्थी निरनिराळ्या स्थळी परंतु एकाच वेळी उपस्थित असतात. हे पूर्ण अध्यापन होय. दुसरा, पाठ आधी मुद्रित असतो, पण शंकानिरसन व मूल्यमापन नियुक्त अध्यापक करतो. येथे मार्गदर्शनाचे तास मोजले पाहिजेत. तिसरा, केवळ मुद्रित पाठ. ही अध्ययनसामग्री होय. ती पुन्हा दाखविण्यास कर्त्याची लेखी संमती असावी आणि तिच्या आधारे कोणाचेही पद कमी करता येऊ नये.

हा भेद मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. समजा, रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबातली एखादी विद्यार्थिनी नागपूरच्या अध्यापकाकडून पहिल्या प्रकाराने मराठी साहित्य शिकली, तर महाराष्ट्राबाहेर या विषयाला एक वर्ग लाभतो. उलट, तिसऱ्या प्रकारालाच ‘अभ्यासक्रम’ म्हटले, तर मूठभर विद्यार्थ्यांसाठी अध्यापक कशास, असा युक्तिवाद उभा राहतो. आणि थोड्या विद्यार्थ्यांच्या भाषाच त्यात प्रथम सापडतात. म्हणून करारात साधनाचे नाव पुरेसे नाही. प्रश्नाला उत्तर देणारी व्यक्ती कोण, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.