दूरच्या फाइली आपोआप का उघडत नाहीत?

छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्की पाहावयास जाणारा मनुष्य हौदात पडणारे पाणी पाहतो. ते मातीच्या नळांतून, जमिनीखालून, दूरच्या डोंगराकडून आणलेले आहे हे सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. असे पाणी बंद पडले, तर हौदास दोष देऊन काय उपयोग? ते कोठवर पोहोचते हे टप्प्याटप्प्याने पाहिले पाहिजे. संगणकांच्या जाळ्यातील बिघाडही असाच शोधावयाचा असतो.

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर तेथलीच असल्यासारखी उघडते, ती 'नेटवर्क फाइल सिस्टिम' ह्या पद्धतीने. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने ती १९८४ साली तयार केली. १९८२ साली ही कंपनी स्थापन करणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला ह्यांचा जन्म पुण्याचा. दूरचे फोल्डर आपल्या संगणकास जोडणे ह्यास 'माउंट' करणे म्हणतात. आणि मागणी होताच जोडून, काम थांबल्यावर काही वेळाने आपोआप सोडून देणाऱ्या व्यवस्थेस 'ऑटोमाउंट' म्हणतात.

येथे पहिला बोध हा, की रिकामे दिसणारे फोल्डर म्हणजे नाहीशा झालेल्या फाइली नव्हेत. कित्येकदा नाव घेऊन मागितल्यावाचून दूरचे फोल्डर यादीत दिसतच नाही. म्हणून घाबरून जाण्यापूर्वी त्याचे पूर्ण नाव लिहून पाहावे.

तरीही उघडले नाही, तर क्रमाने चालावे. प्रथम दूरचा संगणक नावाने व क्रमांकाने सापडतो की नाही, हे पाहावे. दुसरे, त्याने ते फोल्डर आपल्या संगणकास देऊ केले आहे काय, हे त्याच्या यादीत पाहावे. तिसरे, ते हाताने जोडून पाहावे. हाताने जोडले गेले, तर जाळे निर्दोष असून चूक ऑटोमाउंटच्या नोंदीत आहे, असे समजावे. हाताने जोडले गेले नाही, तर नोंदी चाळीत बसणे व्यर्थ होय. ह्या एका परीक्षेने अर्धे काम संपते.

युनिक्स घराण्यातील यंत्रे एकच भाषा बोलतात, पण त्यांचे रीतिरिवाज निराळे. सोलारिसमध्ये 'होम' हे फोल्डर मुळातच ऑटोमाउंटच्या ताब्यात असते, म्हणून तेथे नवे फोल्डर करू गेल्यास नकार मिळतो. लिनक्समध्ये ते सामान्यतः साधे फोल्डर असते. मॅकची मागणी १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येते, आणि लिनक्सचा सर्व्हर नेहमीच्या मांडणीत अशी मागणी नाकारतो. येथे दोष कोणाचाच नसतो. उभयतांची समजूत जुळलेली नसते, इतकेच.

सर्वांत नाजूक गोष्ट माणसाच्या ओळखीची. ह्या व्यवस्थेच्या जुन्या व अद्याप प्रचलित रीतीत सर्व्हर नाव पाहत नाही, क्रमांक पाहतो. मॅकवर पहिल्या वापरकर्त्यास ५०१ हा क्रमांक मिळतो, बहुतेक लिनक्सवर १०००. त्यामुळे आपलीच फाइल आपणांस परकी ठरते. आणि योगायोगाने क्रमांक जुळला, तर दुसऱ्याची फाइल आपल्या हाती येते! अशा वेळी कंटाळून सर्व फाइली सर्वांस खुल्या करून टाकण्याचा मोह होतो. तक्रार तत्काळ मिटते खरी. पण कुलूप उघडेना म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. खरा उपाय म्हणजे सर्व यंत्रांवर प्रत्येकाचा क्रमांक एकच ठेवणे.

विद्यार्थी मित्रांनो, ह्यात कष्ट अधिक आहेत हे आम्ही जाणतो. परंतु त्या फोल्डरात आपल्या सोबत्यांचे वर्षभराचे श्रम साठविलेले असतात. आपली अडचण दूर करताना त्यांचा ठेवा उघड्यावर पडू न देणे, हेही ह्या विद्येचे एक अंग आहे.