छायाचित्र पत्रकारितेचे पहिले पाऊल

छायाचित्रण म्हणजे लग्नसमारंभाचा व्यवसाय, अशी समजूत आपल्या समाजात अजूनही आढळते. विद्यार्थी हा अभ्यासक्रम निवडू इच्छितो तेव्हा पालकांना पोटापाण्याची चिंता वाटते, आणि ती रास्तच आहे. परंतु इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हाला या कलेचे दुसरे अंग अधिक मोलाचे वाटते. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास इतरांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही. ही उणीव ओळखूनच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातील कॅमेरा हे त्याच कार्याचे साधन होऊ शकते.

या क्षेत्रात पहिले पाऊल कसे पडते, हे दोन उदाहरणांवरून पाहू. भारतातील पहिल्या महिला छायाचित्र पत्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. स्त्रियांच्या एका सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली, तेव्हा प्रत्येकी एक रुपया मानधन मिळाले. पुढे त्यांनी स्वातंत्र्याचे सोहळे टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. प्रारंभ मात्र जवळच्या माणसांपासून झाला होता.

दुसरे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन चित्रबद्ध केले. गटारात उतरणारा, कचरा उपसणारा हा कामगार बहुतांशी आपल्याच समाजाचा. ओलवे त्याच्या कामाच्या जागी गेले, तसेच त्याच्या घरीही गेले. म्हणून त्या चित्रांत केवळ घाण दिसत नाही, माणूस दिसतो. २०१६ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

यावरून विद्यार्थ्याने घ्यावयाचा पहिला बोध असा की, विषय दूर शोधू नये. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड भागांतून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाची उचल, उसाचा फड, पाचटाची कोपी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रककडे जाणारी स्त्री आणि शाळा अर्ध्यावर सोडून सोबत निघालेले मूल, हा सारा एका हंगामाचा अभ्यास आहे. एका फेरीत तो होत नाही. प्रथम ओळख करून घ्यावी, मग कॅमेरा काढावा.

दुसरा बोध नोंदीचा. कोण, कुठे, केव्हा आणि काय करीत आहे, या चार प्रश्नांची उत्तरे नसलेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने मुकेच राहते. त्यासाठी खिशात वही ठेवावी, नावे त्या माणसालाच विचारून लिहावीत. प्रसंग मुद्दाम घडवून आणू नये.

तिसरा बोध प्रतिष्ठेचा. अत्याचाराच्या घटनेनंतर पीडितांची छायाचित्रे घाईने पसरविली जातात. त्यामागे संताप असला तरी त्याने कुटुंबाची अप्रतिष्ठाच होते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पीडित बालक असल्यास पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याची संमती मागावी. नकार मिळाल्यास तो निमूटपणे मान्य करावा.

चौथा बोध पुराव्याचा. छायाचित्राची मूळ फाइल जशीच्या तशी जपावी. फेरफार करायचे ते प्रतीवर करावेत. व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्राचा दर्जा घटतो आणि त्यातील तारीख-वेळेची अंतर्गत नोंदही सहसा गळून पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. जाळलेल्या घराचे किंवा अडविलेल्या वाटेचे चित्र खटल्यात उपयोगी पडावे, असे वाटत असेल तर ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

पालकांना आमचे सांगणे एवढेच की, या वाटेवर उत्पन्न प्रारंभी थोडे असते. म्हणून मुलाने जोडीला दुसरे अर्थार्जन ठेवले तर त्यात कमीपणा नाही. परंतु त्याची आवड हौस म्हणून झिडकारू नये.

माजी विद्यार्थ्यांनीही एक काम हाती घ्यावे. नामांतराच्या लढ्यातील, धम्म मेळाव्यांतील, वसतिगृहातील कितीतरी छायाचित्रे आपल्या घरोघरी पेट्यांत पडून आहेत. त्यांतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आज हयात आहेत. त्यांच्यापाशी बसून प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून घ्यावे. हे काम याच वर्षी व्हावे.